भागीदाराने फसवले तर कायद्याने काय करता येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भागीदाराने फसवल्याचे लक्षात आले की माणूस सहसा दोनपैकी एक चूक करतो. "घरचाच माणूस आहे, बघू" म्हणत दोन-तीन वर्षे काढतो, नाहीतर त्याच रात्री दुकानाला स्वतःचे कुलूप ठोकून येतो. पहिल्यात मुदत जाते, दुसऱ्यात फसवला गेलेलाच पोलीस ठाण्यात उत्तरे देत बसतो. दोन्ही टाळता येतात. खालची उत्तरे महाराष्ट्रातल्या साध्या भागीदारी संस्थेची, म्हणजे भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे चालणाऱ्या धंद्याची आहेत. एलएलपीबद्दल (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीबद्दल) शेवटी थोडे वेगळे लिहिले आहे.

संशय आहे, पण हातात पुरावा नाही. सुरुवात कुठून करू?

भांडण करू नका, आधी कागद गोळा करा. एकदा आवाज चढला की दुसऱ्या दिवशी टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, पासवर्ड बदललेला असतो. भागीदार म्हणून तुम्हाला जे पाहण्याचा हक्क आहे, त्या सगळ्याच्या प्रती आजच काढा: करारपत्र, संस्थेच्या सगळ्या बँक खात्यांचे उतारे, टॅलीचा पूर्ण बॅकअप, रोजमेळ, खतावणी, बिलबुके, चलने, जीएसटीची जीएसटीआर-१ आणि ३बी विवरणपत्रे, मालवाहतुकीची ई-वे बिले, मागच्या तीन-चार वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि ताळेबंद. दुकानात सीसीटीव्ही असेल तर चित्रण लगेच उतरवून घ्या. जुन्यावर नवे चढत जाते आणि बऱ्याच ठिकाणी महिनाभरापूर्वीचेही उरत नाही.

मग जुळवायला बसा. पैसे बहुतेक वेळा तीन-चार ठरलेल्या वाटांनी बाहेर जातात. गल्ल्यावरचा क्यूआर कोड बदलून भागीदाराच्या स्वतःच्या खात्याचा लावलेला असतो. बाजारभावापेक्षा चढ्या दराची खरेदी-बिले एखाद्या नातेवाइकाच्या फर्मची असतात. ई-वे बिल निघाले आहे, पण विक्री वहीत नाही, असे होते. किंवा गिऱ्हाइकाने उधारी चुकती केलेली असते आणि खतावणीत त्याच्या नावावर येणे तसेच दिसते. हे शेवटचे पकडणे सर्वांत सोपे: दहा मोठ्या गिऱ्हाइकांकडून त्यांच्या वहीतला तुमच्या संस्थेचा खातेउतारा मागवा आणि आपल्या खतावणीशेजारी ठेवा. फरक तारखेसकट समोर येतो.

या काळात काही गोष्टी अजिबात करू नका. संस्थेचे पैसे "सुरक्षित राहावेत" म्हणून स्वतःच्या खात्यात घेऊ नका, माल उचलून गोदाम बदलू नका, मूळ वह्या घरी नेऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी समोरच्याची फिर्याद नेमकी यावरच उभी राहते.

तो हिशेबच दाखवत नाही. "सी.ए.कडे आहे, बघू नंतर" एवढेच म्हणतो.

१९३२ च्या कायद्यात कलम ९ प्रमाणे प्रत्येक भागीदाराने दुसऱ्याशी प्रामाणिक राहून खरा हिशेब आणि पूर्ण माहिती दिली पाहिजे. कलम १२ प्रमाणे संस्थेच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे. "तू झोपलेला (नुसते पैसे घातलेला) भागीदार आहेस, तुला काय करायचेय?" याला कायद्यात जागा नाही.

लेखी मागणी करा. वकिलाची नोटीस नंतर पाठवता येईल, पहिले पत्र तुमचेच आणि साधे असू द्या. उदाहरणार्थ: "दिनांक १ एप्रिल ते आजपर्यंतचा रोजमेळ, खतावणी, बँक उतारे व खरेदी-विक्रीची बिले मी पुढच्या सोमवारी सकाळी ११ वाजता संस्थेच्या कार्यालयात माझ्या सी.ए.सह पाहणार आहे व प्रती घेणार आहे. ही वेळ सोयीची नसल्यास सात दिवसांतील दुसरी वेळ लेखी कळवावी." पोचपावतीसह टपालाने पाठवा आणि ईमेलही करा. ठरलेल्या दिवशी खरोखर जा. अडवले तर घरी येऊन त्याच दिवशी "आज अमुक वाजता आलो, वह्या दाखवल्या नाहीत" असे दुसरे पत्र टाका. पुढे कोर्टाकडे रिसीव्हर (वाद मिटेपर्यंत मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस) मागताना ही दोन पत्रे फार उपयोगी पडतात.

पोलिसांत जाऊ की कोर्टात?

फसवणूक केव्हा सुरू झाली यावर हे ठरते. हा फरक न समजल्यामुळे अनेक खऱ्या तक्रारी फुकट जातात.

सुरुवातीपासूनच खोटे होते का? म्हणजे नसलेला परवाना, दुसऱ्याच्या नावाची जागा किंवा बनावट ऑर्डर दाखवून तुमच्याकडून भांडवल घेतले का? मग ती फसवणूक, भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४), शिक्षा सात वर्षांपर्यंत. अशा भागीदारीतून तुम्ही करार रद्द करूनही बाहेर पडू शकता. तेव्हा भागीदारी अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे देणी भागवल्यावर उरलेल्या मालमत्तेवर तुमच्या भांडवलापुरता तुमचा हक्क राहतो.

धंदा खरा होता, दोन-चार वर्षे नीट चालला आणि नंतर भागीदाराची नियत फिरली, तर "फसवणूक" सिद्ध करणे अवघड आहे. लबाडीचा हेतू व्यवहाराच्या सुरुवातीलाच असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. मग फौजदारी विश्वासघात लावावा, म्हणजे न्याय संहितेचे कलम ३१६(२), शिक्षा पाच वर्षांपर्यंत? इथेही अडचण आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात सांगितले की संस्थेच्या मालमत्तेत प्रत्येक भागीदाराची मालकी असते, म्हणून ती वापरली एवढ्यावरून विश्वासघात होत नाही. ती मालमत्ता वेगळ्या कराराने खास त्याच्यावर सोपवलेली असली पाहिजे. म्हणून करारपत्रात "वसुली अमुक भागीदार करील, ती त्याच दिवशी संस्थेच्या खात्यात भरील आणि स्वतःसाठी वापरणार नाही" असे कलम आहे का, हे आधी पाहा. असेल तर फिर्यादीला पाया मिळतो.

खोट्या सह्या, बनावट निवृत्तीपत्र, मागच्या तारखेची बिले यांचे तसे नाही. बनावट दस्तऐवज करणे आणि वापरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे (न्याय संहितेची कलमे ३३६, ३३८, ३४०) आणि भागीदार असणे हा त्यात बचाव नाही. असा एक कागद हाती असेल तर तक्रार त्याच्याभोवती लिहा.

दोन सूचना. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कृत्यांना जुनी भारतीय दंडसंहिता लागते, म्हणून तक्रारीत प्रत्येक व्यवहाराची तारीख हवीच. आणि एकाच पैशाबद्दल फसवणूक व विश्वासघात दोन्ही कलमे डोळे मिटून लावू नका. दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

फौजदारी तक्रारीने आरोपीवर दबाव येतो, पण तुमचा वाटा ठरत नाही. तो हिशेबातूनच ठरतो आणि हिशेब दिवाणी न्यायालय किंवा लवाद करतो. गुन्हा खरोखर घडला असेल तर दोन्ही कारवाया एका वेळी चालू शकतात.

पोलीस ठाण्यात म्हणतात, "हा दिवाणी मामला आहे."

कधीकधी त्यांचे बरोबर असते. पण गुन्हा दिसत असूनही नोंद होत नसेल तर पायरीने जा. तक्रार दोन-तीन पानांत, तारखेवार, सोबत कागदांची यादी अशी द्या आणि पोच घ्या. विश्वासघातासारख्या तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, म्हणून तेवढे थांबा. त्यानंतर पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तिथे उपायुक्तांना, लेखी पाठवा. तरीही काही झाले नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. या अर्जाला प्रतिज्ञापत्र लागते आणि आधीच्या दोन्ही पायऱ्यांच्या पोचा लागतात. त्या नसल्या तर अर्ज तिथेच अडतो. मोठ्या रकमेची प्रकरणे आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात.

आमची संस्था नोंदलेलीच नाही. आता काहीच करता येणार नाही का?

करता येते. भागीदारी अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या संस्थेच्या भागीदाराला करारातला हक्क बजावण्यासाठी दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही, हे खरे. पण संस्था विसर्जित करा, विसर्जित संस्थेचा हिशेब द्या, तिची मालमत्ता वसूल करा, हे दावे त्यातून वगळलेले आहेत. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने ६९(२अ) घालून हाही मार्ग जवळजवळ बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते पोटकलम घटनाबाह्य ठरवले. आजही कोणी जुन्या पुस्तकातून ते दाखवून "तुमचा दावाच चालणार नाही" म्हणाले तर हे लक्षात ठेवा. फौजदारी तक्रारीला नोंदणीची अट मुळातच नाही.

नोंदणी नंतरही करता येते, पण दावा लावण्यापूर्वी व्हायला हवी. आधी दावा आणि मग नोंदणी, असे केले तर तो दावा वाचत नाही.

लेखी करारच नाही, सगळे शब्दावर चालले होते.

भागीदारी तोंडीही होऊ शकते. ती सिद्ध करायला जीएसटी नोंदणीतली भागीदारांची नावे, बँकेतला खाते उघडण्याचा अर्ज, आयकर विवरणपत्रातले वाटे, दुकान परवाना, नफावाटपाच्या नोंदी हे सगळे चालते. मात्र तुम्ही दिलेले पैसे वहीत "हातउसने" म्हणून दिसत असतील तर समोरचा तुम्हाला नुसता सावकार ठरवेल.

करारात लवादाचे कलम आहे. मग कोर्ट बंद?

मूळ वाद लवादाकडेच जाईल. तुम्ही दावा लावलात तरी समोरचा आपले पहिले म्हणणे मांडण्याआधी लवाद कायद्याच्या कलम ८ चा अर्ज करून तो लवादाकडे पाठवू शकतो. यात वर्ष वाया जाते. त्यापेक्षा कलम २१ ची नोटीस आधीच पाठवा. तिच्यात वाद काय आहे आणि लवाद म्हणून कोण सुचवता, हे असू द्या.

लवाद नेमला जाईपर्यंत पैसे वाहून जातील, ही भीती खरी आहे. त्यासाठी लवाद कायद्याचे कलम ९ आहे: न्यायालयाकडून खाते गोठवणे, माल न विकण्याची मनाई, रिसीव्हर हे सगळे आधी मिळू शकते. हुकूम मिळाल्यापासून ९० दिवसांत मात्र लवाद सुरू झाला पाहिजे.

"फसवणुकीचा आरोप आहे, म्हणून लवाद चालणार नाही" असे म्हणणारे भेटतील. तमिळनाडूतल्या एका कुटुंबाच्या हॉटेल भागीदारीत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की भागीदारांमधल्या हिशेबाच्या साध्या लबाडीचा आरोप लवाद तपासू शकतो.

बँक खात्यातून तो रोज पैसे काढतोय. ताबडतोब काय करू?

बँकेच्या शाखा व्यवस्थापकाला लेखी कळवा: भागीदारांत वाद आहे, एका सहीने व्यवहार करण्याची सूचना मी मागे घेतो, यापुढे दोघांच्या सहीशिवाय रक्कम देऊ नये. अशा पत्रानंतर बहुतेक बँका दोघांची संयुक्त सूचना किंवा कोर्टाचा हुकूम येईपर्यंत खाते थांबवतात. ओव्हरड्राफ्ट आणि कॅश क्रेडिटचा पत्रात वेगळा उल्लेख करा, नेटबँकिंग आणि चेकबुकचाही. पण खाते थांबले की पगार, वीजबिल, कर्जाचा हप्ताही थांबतो. म्हणून "वैधानिक देणी आणि पगार दोघांच्या सहीने" अशी सोय त्याच पत्रात सुचवा.

त्याने ५ लाख लाटले. मला ५ लाख परत मिळतील ना?

इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहे. ते पैसे तुमचे नव्हते, संस्थेचे होते. ते संस्थेत परत धरले जातात आणि मग भागीदारी अधिनियमाच्या कलम ४८ च्या क्रमाने वाटप होते: आधी बाहेरची देणी, मग भागीदाराने भांडवलाशिवाय दिलेली रक्कम, मग भांडवल, उरलेले नफ्याच्या प्रमाणात.

दोन समान भागीदार घ्या. मालमत्ता विकून २० लाख आले, बाहेरची देणी ७ लाख, हातात राहिले १३ लाख. तुमचे भांडवल ६ लाख, शिवाय अडीअडचणीला दिलेले २ लाख. त्याचे भांडवल ४ लाख. त्याने गुपचूप काढलेले ५ लाख परत धरले की बेरीज १८ लाख. त्यातून तुमचे उसने २ लाख गेले, राहिले १६. दोघांचे भांडवल १० गेले, राहिले ६, प्रत्येकी ३. तुमचे येणे २ + ६ + ३ म्हणजे ११ लाख. त्याचे ४ + ३ म्हणजे ७, त्यातले ५ त्याने आधीच घेतले, म्हणून २. एकूण १३ लाख, बरोबर जुळले.

लूट लपली असती तर तुम्हाला साडेआठ लाख मिळाले असते. म्हणजे ५ लाखांच्या लुटीत तुमचे नुकसान अडीच लाखांचे. नोटिशीत "माझे ५ लाख द्या" लिहिले तर समोरच्या वकिलाला पहिला मुद्दा फुकट मिळतो. "५ लाख संस्थेच्या हिशेबात जमा धरून माझा वाटा द्या" असे लिहा. भांडवलाशिवाय दिलेल्या रकमेवर कलम १३ प्रमाणे सालाना ६ टक्के व्याज मागता येते, तेही सोडू नका.

त्याने संस्थेच्याच गिऱ्हाइकांना हाताशी धरून तसलाच दुसरा धंदा काढला असेल, तर कलम १६ प्रमाणे त्यातला नफाही संस्थेत आणावा लागतो. तो धंदा बायकोच्या किंवा भावाच्या नावावर असला की पैशाचा माग दाखवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

दाव्यात काय मागायचे आणि तो कसा चालतो?

चालू संस्थेत नुसत्या हिशेबाचा दावा कोर्ट साधारणपणे ऐकत नाही. विसर्जन, हिशेब आणि वाटा एकत्र मागा. सोबत अंतरिम अर्ज जोडा: मनाई हुकूम, रिसीव्हर, आणि वह्या ताब्यात घेण्यासाठी कोर्ट कमिशनर. कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनामा देते, त्यात वाटे ठरतात. मग कमिशनर, बहुधा सी.ए., वह्या तपासतो आणि त्यानंतर अंतिम हुकूमनामा होतो. खरी लढाई या मधल्या टप्प्यात असते, म्हणून वर सांगितलेल्या प्रती जपायच्या.

३ लाख किंवा त्याहून अधिक मूल्याचा वाद वाणिज्यिक न्यायालयात जातो. तिथे तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज, मुदत तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. ही पायरी गाळली तर दावाच फेटाळला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे पक्के केले. मध्यस्थीचा काळ मुदतीत मोजला जात नाही.

किती दिवसांत दावा लावला पाहिजे?

विसर्जन झालेल्या संस्थेच्या हिशेबासाठी विसर्जनाच्या तारखेपासून तीन वर्षे. भागीदार वारला आणि संस्थेत दोघेच होते, तर संस्था त्याच दिवशी संपते आणि वारसांची मुदत तिथूनच सुरू होते. तेरावे, वर्षश्राद्ध, "काका देतील हिशेब" यात दोन वर्षे कधी गेली ते कळत नाही. लबाडी लपवली असेल तर मुदत ती कळल्यापासून धरतात, पण केव्हा आणि कशी कळली हे तुम्हालाच दाखवावे लागते.

त्याला काढून टाकू, की संस्था बंद करू?

काढून टाकण्याचा अधिकार करारात स्पष्ट असेल तरच, तोही बहुमताने आणि प्रामाणिक हेतूने वापरता येतो. दोघांच्या संस्थेत तो प्रश्नच येत नाही. करारात मुदत किंवा शेवटाची अट नसेल तर ती "इच्छाधीन" भागीदारी. कलम ४३ ची लेखी नोटीस सगळ्या भागीदारांना दिली की संपते. मुदतीची असेल तर कलम ४४ खाली कोर्टाकडे जावे लागते. गैरवर्तन, करारभंग, तोट्याशिवाय धंदा चालणे अशक्य असणे ही कारणे तिथे चालतात.

रागाच्या भरात नोटीस देण्याआधी एकच विचार करा: पगडीची जागा, एजन्सी, परवाना कोणाच्या नावावर आहे? संस्था मोडली की तो दुसऱ्या दिवशी त्याच जागेत नव्या नावाने बसू शकतो. म्हणून विसर्जनाची नोटीस आणि मनाईचा अर्ज एकाच आठवड्यात जायला हवेत. हिशेब न करता तो संस्थेच्या मालमत्तेवर धंदा चालूच ठेवत असेल, तर कलम ३७ प्रमाणे त्या काळातला नफ्यातला वाटा किंवा तुमच्या वाट्यावर सालाना ६ टक्के, यातले फायद्याचे ते निवडता येते.

मी बाहेर पडलो, तरी संस्थेची कर्जे माझ्या डोक्यावर का?

भागीदारांची जबाबदारी एकत्रित आणि वेगवेगळीही असते. घेणेकरी सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडून मागू शकतो. जाहीर सूचना दिली नाही तर बाहेर पडल्यानंतरच्या व्यवहारांनाही तुम्ही बांधले जाता. सूचना म्हणजे फक्त वर्तमानपत्रातली चौकट नव्हे. नोंदलेल्या संस्थेसाठी निबंधकांना कळवणे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात प्रसिद्धी, असे तिन्ही लागते.

जीएसटीचे वेगळे. निवृत्तीनंतर एक महिन्याच्या आत आयुक्तांना लेखी कळवा. नाही कळवले तर कळवण्याच्या तारखेपर्यंतचा कर, व्याज, दंड तुमच्यावरही राहतो. बँकेला दिलेली वैयक्तिक हमी यातल्या कशानेही सुटत नाही. ती बँकेकडून लेखी सोडवून घ्यावी लागते.

संस्थेची जागा तो परस्पर विकतो आहे.

संस्थेची स्थावर मालमत्ता एकट्याने विकण्याचा अधिकार भागीदाराला आपोआप नसतो, त्यासाठी स्पष्ट अधिकारपत्र लागते. दावा लावा, मनाई मागा आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस, ज्याला लिस पेंडन्स म्हणतात, दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. महाराष्ट्रात ही नोंद महत्त्वाची आहे. ती नसेल तर नवा खरेदीदार "मला दाव्याची बाधा नाही" म्हणून उभा राहतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरची कबुली चालते का?

चालते, पण नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

तडजोड करायची असेल तर कशी?

आकडा ठरवा, "हिशेब नंतर बघू" नको. विसर्जनपत्रात प्रत्येक देण्याची जबाबदारी कोणाची, संस्थेचे नाव कोण वापरणार, वह्या कोणाकडे राहणार, हे लिहा. दावा चालू असेल तर तडजोड कोर्टात दाखल करून हुकूमनामा घ्या. तडजोडीचा चेक न वटल्यास मग दोन मार्ग राहतात: हुकूमनाम्याची अंमलबजावणी, आणि परक्राम्य संलेख अधिनियमाचे (न वटलेल्या चेकचे) कलम १३८. त्यासाठी बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, १५ दिवस वाट पाहणे, आणि पुढच्या एका महिन्यात तक्रार. यातली एक तारीख चुकली तरी प्रकरण डळमळते.

आमची एलएलपी आहे.

मग १९३२ चा कायदा लागत नाही, २००८ चा लागतो. एलएलपी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असल्यामुळे तिची मालमत्ता भागीदाराची नसते. म्हणूनच वर सांगितलेली सहमालकीची अडचण इथे तशीच येत नाही. करारात तरतूद नसेल तर भागीदारांचा वाद कायद्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे लवादाकडे जातो. लबाडीच्या हेतूने धंदा चालवणाऱ्या भागीदाराची जबाबदारी कलम ३० खाली अमर्याद होते, आणि समापनाचा (एलएलपी गुंडाळण्याचा) अर्ज राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे करावा लागतो.